चायनीजची गाडी आणि चिनी सुनेचं जेवण

बचत गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते आणि व्याज यांच्या गोष्टी होतात, तशा घरच्याही होतात. मागच्या हिवाळ्यात मूल तालुक्यातल्या एका गटाची बैठक आटोपली. हिशेब झाला, वही मिटली, बाया उठल्या. एक मावशी मात्र तशाच बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "ताई, पोरगी जेवत नाही वो. काय करू सांगा."

पोरगी म्हणजे त्यांची नवी सून. मुलगा डॉक्टरकी शिकायला चीनला गेला होता, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं आणि तिला घेऊन गावी आला. तीन आठवडे झाले होते. ताटात वरण-भात वाढला की सून दोन घास खायची आणि हसून ताट बाजूला करायची. मग मुलाने चंद्रपूरहून चायनीजच्या गाडीवरचे नूडल्स आणि मंचुरियन आणलं. सोबत शेजवान चटणीची बाटलीही आणली. तिने त्यातलाही एकच घास खाल्ला. मावशींनी त्याचा अर्थ असा लावला की, हिला हिच्या देशाचंही जेवण गोड लागत नाही, म्हणजे हिचं मनच इथे लागत नाही. "ही परत जाईल ताई, अन् माझा पोरगाही तिच्यासोबत जाईल," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्या एका घरासाठी मी विचारपूस सुरू केली, त्या सुनेजवळ बसून यादी केली. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगते. परदेशातून आलेली सून तुमच्या घरी नसेलही. पण परक्या मुलखातून आलेली सून बहुतेक गावांत आहे, त्यामुळे यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीवरचं चायनीज हे चीनमधलं जेवण नाही. ते आपलंच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून चिनी माणसं कोलकात्यात येऊन राहिली. त्यातले हक्का समाजाचे लोक तिथल्या टेंग्रा भागात चामडं कमावण्याच्या धंद्यात होते. त्यांनी खाणावळी काढल्या आणि गिऱ्हाईक भारतीय म्हणून जेवणात हिरवी मिरची, लसूण, कांदा आणि मक्याच्या पिठाची दाट ग्रेव्ही आणली. मंचुरियन तर मुंबईत जन्मलं. कोलकात्याहून आलेले नेल्सन वांग यांनी 1975 साली ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. मंचुरिया हा चीनचा एक भाग आहे, पण तिथे हा पदार्थ कोणी करत नाही. 'शेजवान' हा शब्द सिचुआन या प्रांताच्या नावावरून आला. आपल्या मावशींची सून नेमकी त्याच सिचुआनची. तिच्या पुढ्यात शेजवान चटणी ठेवली तेव्हा ती तिला ओळखूच आली नाही. उद्या कोणी आपल्याला परदेशात 'नागपुरी' म्हणून भलतीच भाजी वाढली, तर आपलंही तसंच होईल.

म्हणून सामान शोधायला निघण्याआधी सुनेला विचारा, "तू कुठली?" चीन हा एक देश असला तरी त्याची चूल एक नाही. उत्तरेकडे गहू पिकतो. तिथे हाताने ओढलेल्या शेवया आणि वाफवलेले पाव खातात. दक्षिणेत भात खातात. कँटनकडचं जेवण सौम्य असतं, त्यात आलं, मासळी आणि वाफवलेले पदार्थ जास्त. सिचुआनला तिखट लागतं आणि सोबत जीभ झिणझिण्या येऊन बधिर करणारा एक मसाला लागतो. 'चिनी सामान' एवढंच म्हणून दुकानात गेलात तर पैसे जातील आणि नको ती बाटली घरात येईल.

आम्ही एका दुपारी तिच्यासोबत बसलो. तिला मराठी येत नव्हती, मला चिनी येत नव्हती. मुलगा मध्ये बसून सांगत होता. तो कामाला उठला की आम्ही फोनवर चित्रं दाखवून एकमेकींना समजावत होतो. वहीवर तीन रकाने पाडले. पहिल्यात इथे मिळणारं सामान, दुसऱ्यात घरी करता येईल असं, आणि तिसऱ्यात बाहेरून मागवावंच लागेल असं. मावशींना वाटत होतं तिसराच रकाना भरेल. भरला पहिला.

भाताचंच बघा. आपल्याकडे धान आहे, एचएमटी तांदूळ आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेलं हे वाण देशभर गेलं. पण हा भात मोकळा होतो, आणि आपण त्यासाठी तांदूळही जुनाच निवडतो. काड्यांनी जेवणाऱ्या माणसाला मोकळा भात उचलता येत नाही, त्याला थोडा चिकट लागतो. त्याला उपाय साधा आहे. नवा तांदूळ घ्या. नव्या धानाचा भात आसट आणि चिकटसर होतो. आपण नावं ठेवतो तोच तांदूळ तिला आवडला. भातात मीठ घालू नका आणि ताटाऐवजी वाटीत वाढा.

भाज्यांमध्ये आलं, लसूण, पातीचा कांदा, पत्ताकोबी, मुळा, वांगी, भोपळा आणि सांबार तिच्या ओळखीचे निघाले. कोचईचा कंद आणि कमळकाकडी तिकडेही खातात. आठवडी बाजारात ढिमर बाया विकतात ते तळ्यातले ताजे मासे बघून तर ती उठून उभीच राहिली. तिच्या हातच्या भाजीत फरक एवढाच की हळद नाही, गोडा मसाला नाही, आणि भाजी मोठ्या जाळावर दोन-तीन मिनिटांतच होते. त्यासाठी लोखंडी कढई हवी, ती आपल्याकडे असतेच.

वास्त्यांची गंमत तुम्हाला सांगते. पावसाळ्यात बांबूला फुटणारे कोवळे कोंब आपल्या भागात वास्ते म्हणून खातात. चीनमध्येही बांबूचे कोंब आवडीने खातात. म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातली ही भाजी त्या सुनेच्या माहेरची निघाली. पण दोन गोष्टी सांभाळा. कच्च्या कोंबात विषारी द्रव्य असतं, म्हणून ते सोलून, कापून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. आणि वास्ते काढण्याबद्दल तुमच्या ग्रामसभेचा नियम असेल तो पाळायचा, कारण कोंब तोडला की पुढचा बांबू गेला. 2009 साली मेंढा-लेखाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर आपल्या भागातल्या कितीतरी गावांना मिळाला. हक्क आपला असेल तर राखणही आपलीच.

आता मसाले. बाद्यान म्हणजे चक्रफूल आपल्या गोड्या मसाल्यात पडतं, आणि ते मुळात तिकडचंच झाड आहे. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनीही बहुतेक त्याच जातीची, चीन-व्हिएतनामकडची असते. हे दोन्ही किराणा दुकानात मिळतात. लाल मिरची तर आपल्या भिवापूरची नावाजलेली. राहिला तो जीभ बधिर करणारा मसाला. त्याचा सख्खा भाऊ आपल्या कोकणात मिळतो, तिरफळ. मालवण-गोव्याकडे बांगड्याच्या आमटीत घालतात ते. हिमालयाकडे त्याच कुळातलं तिमूर मिळतं, ते सिचुआनच्या चवीला आणखी जवळचं. नागपूरच्या इतवारीत मसाल्याच्या घाऊक दुकानांत दोन्ही नावांनी विचारा. वापरताना आतली काळी बी काढून फक्त टरफल घ्यायचं, मंद आचेवर भाजायचं आणि कुटायचं.

हाच मसाला तिबेटी स्वयंपाकातही असतो. आपल्या शेजारी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. तिथल्या बायकांशी ओळख असेल तर शेवयांचा थुक्पा कसा करतात ते शिकता येईल. पण एक सांगून ठेवते. त्यांना 'तुम्ही चिनी' असं म्हणू नका. आपला देश सोडून यावं लागलेली ती माणसं आहेत, त्यांना ते लागतं. चेहऱ्यावरून माणसाचं गाव ठरवू नये, हे आपल्या सुनेलाही लागू आहे आणि त्यांनाही.

दुसऱ्या रकान्यात पहिलं नाव टोफूचं. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना भागात सोयाबीनची पोती घरात असतात, पण आपण ते सगळं विकतो. टोफू करायला पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी चोळून साल काढा आणि दोन-सव्वादोन लिटर पाणी थोडं थोडं घालत बारीक वाटा. फडक्यातून पिळून दूध काढा. हे दूध सतत हलवत, उकळी आल्यावर दहा मिनिटं चांगलं उकळा. ही पायरी चुकवू नका, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचन बिघडवणारं द्रव्य असतं. मग खाली उतरवून पाच मिनिटं थांबा. दोन-तीन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळा आणि हळूहळू घाला. दूध फाटून पाणी वेगळं झालं की फडक्यात बांधून वर वजन ठेवा. अर्ध्या तासात वडी पडते. ती पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायची, पाणी रोज बदलायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. उरलेल्या चोथ्याचे थालीपीठ करा, तो फेकू नका.

इथे हात जोडून सांगते, पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याचं टोफू कधीही करू नका. त्याला बुरशीचं औषध चोळलेलं असतं. धुऊनही ते खाण्यालायक होत नाही. खाण्याचं सोयाबीन वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा.

दुसरी घरची गोष्ट म्हणजे मिठाच्या पाण्यातलं लोणचं. आपलं लोणचं तेलात मुरतं, सिचुआनचं खारवणीत मुरतं. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चाळीस-पन्नास ग्रॅम मीठ, आलं, लाल मिरची आणि थोडं तिरफळ किंवा तिमूर घाला. कोरड्या स्वच्छ काचेच्या बरणीत मुळा, पत्ताकोबी, गाजर भरून ते पाण्याखाली बुडतील असं बघा. तीन-चार दिवसांत आंबट होतं. वर बुरशी आली किंवा घाण वास आला तर मोह न करता टाकून द्या.

शेवयांचं तर तिला शिकवायची वेळ मावशींवर आली. सरगुंडे वळणाऱ्या हाताला कणकेचं काय सांगायचं! मैदा किंवा चाळलेली कणीक, मीठ आणि पाणी घेऊन घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं, लाटून पट्ट्या कापायच्या आणि लगेच उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एका पोळपाटावर बसल्या.

तिसरा रकाना, म्हणजे बाहेरून मागवायचं सामान. ते शेवटी चारच निघालं. नीट आंबवलेला सोया सॉस, काळा व्हिनेगर, भाजलेल्या तिळाचं तेल, आणि 'दोबानजियांग' म्हणजे बाकल्याच्या डाळी व मिरची आंबवून केलेली सिचुआनची लाल चटणी. सिचुआनच्या स्वयंपाकाचा जीव या चटणीत आहे. तिला घरी पर्याय नाही.

सोया सॉस घेताना बाटलीच्या मागचं वाचा. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच असेल तर तो महिनोनमहिने आंबवलेला खरा सॉस. रंग, ॲसिड आणि साखरेचीच नावं पुढे असतील तर ते रंगवलेलं खारं पाणी समजा. आपल्याकडचं घाणीचं तिळाचं तेल चांगलंच आहे, पण ते कच्च्या तिळाचं. त्यांचं भाजलेल्या तिळाचं असतं, आणि ते फोडणीला नाही, वरून चार थेंब घालायला वापरतात.

हे सामान नागपूरच्या मोठ्या दुकानांत विचारा, किंवा ऑनलाइन मागवा. गावाच्या पिनकोडवर पार्सल येत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचा पत्ता द्या. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात चिनी कुटुंबांची सॉसची जुनी दुकानं आहेत. मुलचेरा-चामोर्शीकडच्या आपल्या बंगाली बहिणींपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर त्यांच्याकरवीही आणता येतं.

बाहेरच्या देशाचं पाकीट घेताना चार गोष्टी बघायच्या. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं इंग्रजी लेबल आहे का, एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक आहे का, मुदत किती उरली आहे, आणि हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण. नुसतं चिनी अक्षरातलं पाकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. माळकरी घरात तर तपकिरी त्रिकोण आधी बघा. ऑयस्टर सॉस नावाने भाजीचा वाटला तरी तो कालवांचा असतो.

एक वस्तू मात्र मागवायची नाही. चिनी पाककृतीत 'शाओशिंग वाइन' लिहिलेली असते. ती तांदळाची दारू आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती बायांनी लढून मिळवली आहे. चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली, पण गडचिरोलीची कायम आहे. 'स्वयंपाकाची' म्हणून लिहिलेली बाटलीही दारूच असते. मासळीचा वास मारायला ती वापरतात, तिथे आल्याचा रस चालतो. हे त्या सुनेला समजावून सांगितलं तेव्हा तिने लगेच मान डोलावली आणि यादीतून ते नाव स्वतः खोडलं.

यादी करताना आणखी एक गोष्ट कळली, ती सामानाची नव्हती. सून येताच मावशी तिला प्रेमाने सकाळ-संध्याकाळ दुधाचा चहा, दही आणि कढी देत होत्या. चीन-जपानकडच्या बहुतेक मोठ्या माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. तिचं पोट रोज दुखत होतं, आणि नवीन घरात 'नको' कसं म्हणायचं हे तिला कळत नव्हतं. प्यायला तिला गरम पाणी लागतं, तिकडे तशीच पद्धत आहे. घरात सगळे माठातलं पाणी देत होते. दूध बंद केलं, थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवलं, आणि चार दिवसांत ती भाकरी मागून खायला लागली. म्हणजे अर्धं दुखणं सॉसच्या बाटलीचं नव्हतंच. विचारलं नव्हतं, एवढंच होतं.

हे सांगताना मला तिरोडीच्या माणसाची आठवण येते. आपल्या तुमसरवरून जी रेल्वे जाते त्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडी गावात वांग छी नावाचे एक चिनी सैनिक राहत. युद्धानंतर 1963 च्या सुरुवातीला ते वाट चुकून भारताच्या हद्दीत आले, सहा-सात वर्षं तुरुंगात राहिले आणि मग तिरोडीला आणून सोडले गेले. पिठाच्या गिरणीत काम केलं, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलंबाळं झाली. गाव त्यांना राज बहादूर म्हणायचं. आपल्या घरी परत पाय ठेवायला त्यांना 2017 साल उजाडलं, तोवर आई जगात नव्हती. आज फोन आहे, दुकानं आहेत, पार्सल घरपोच येतं. आता इतकं एकटं पडायची वेळ कोणावर येऊ नये.

आणि मैत्रिणींनो, परदेशच कशाला? सिरोंच्याकडून तेलुगू बोलणारी मुलगी वरोऱ्यात सून होऊन येते आणि चिंचेच्या आंबट पुलुसूसाठी झुरते. मुलचेऱ्याच्या बंगाली मुलीला मोहरीच्या तेलाशिवाय मासळी गोड लागत नाही. कोरचीकडून छत्तीसगढी बोलणारी येते, तिची बासी आपल्या लक्षातही येत नाही. त्यांना आपण म्हणतो, "होईल सवय." सवय होते, हे खरं. आपल्या सगळ्यांनाच ती झाली. पण सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात कोणी "तुला काय आवडतं?" असं विचारलं असतं तर किती बरं वाटलं असतं, हेही आपल्याला ठाऊक आहे.

मावशींच्या घरी आता आठवड्यातून दोन दिवस सून स्वयंपाक करते. तिची एक कढई वेगळी आहे. टोफूची तिखट भाजी मावशी खातात, मात्र तिरफळ वेचून बाजूला काढतात. "जीभ झोपते माझी," म्हणतात. मागच्या बैठकीला सून सोबत आली होती. गटातल्या दोघींनी तिच्याकडून टोफू शिकायचं ठरवलं आहे, चांगला जमला तर तालुक्याच्या बाजारात विकून बघू.

तुमच्या घरी, शेजारी, गटात अशी लांबून आलेली सून असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसून तीन रकान्यांची यादी करा. पहिला रकाना आधी भरा. तिसऱ्यात काय उरतं ते मला पुढच्या बैठकीत सांगा, मिळून शोधू. नमस्कार.